कशाला ‘हव’ म्हणालात, काकू?

विमलकाकू, ज्यांच्यामुळे मी माणसात आलो त्यात पहिलं नाव तुमचं आहे. आईवडिलांचं त्यानंतर. आईनं हे वाचलं तरी तिला वाईट वाटणार नाही. तीच म्हणायची, जन्म आम्ही दिला, पण पोट्ट्याला उभं विमलबाईनं केलं. तुमच्यासमोर हे मी कधी बोललो नाही. बोललो असतो तर तुम्ही म्हणाला असता, “झालं का भाषण? आता मैदा चाळ.”

तुम्हाला जाऊन आज बारा दिवस झाले. तुमच्या भाचीचा, रंजनाचा, नागपूरहून फोन आला तेव्हा मी पार्सल ऑफिसात पंख्यांचे खोके मोजून घेत होतो. तिनं सांगितलं, “भैया, मावशी गेली सकाळी.” मी म्हणालो, “बरं.” फोन खिशात ठेवला आणि उरलेले खोके मोजले. मोजणी चुकली नाही. दुपारी डबा खाल्ला, त्यात भेंडी होती. संध्याकाळी घरी येताना चौबे कॉलनीच्या वळणावर किराणा दुकानात थांबलो. दुकानदारानं विचारलं, “क्या दूँ भैया?” मी म्हणालो, “आधा किलो मैदा.” काहून मागितला, मलाच कळलं नाही. तो मैदा अजून तसाच ओट्यावर आहे, पुडी न सोडलेली.

रडू आलेलं नाही. वर्षा दोन वेळा विचारून गेली, बरं आहे ना? बरं आहे. झोप लागते, भूक लागते. फक्त कोणी बोललं की आवाज जरा लांबून आल्यासारखा वाटतो, आणि उत्तर देण्याआधी मला क्षणभर थांबावं लागतं.

मी आमगावहून रायपूरला बी.कॉम.साठी आलो तेव्हा बूढापाऱ्यात तुमच्या घरी वरची खोली मिळाली. बाबा राईस मिलमध्ये पोती उचलायचे. आमच्या घरात कॉलेजचं दार कोणी पाहिलं नव्हतं, म्हणून मी ते दार दोन्ही हातांनी धरून बसलो होतो. दर रविवारी दुपारी तीन वाजता खालून गल्लीतल्या पोरांचा गलका आणि केकचा वास, दोन्ही एकदमच जिन्यातून वर यायचे. तुम्ही खालूनच हाक मारायचा.

“गजू, येतो का रे?”

“परीक्षा आहे, काकू.”

“तुही परीक्षा काही संपत नाही, बाप्पा. हे पोट्टे मोठे होऊन जातील, तू तिथंच बसशील.”

नंतर कोणत्यातरी पोराच्या हाती बशी वर यायची. मी पुस्तकावर चुरा सांडू न देता खायचो आणि पुढचं पान उलटायचो. तीन वर्षांत एकदाही मी रविवारी खाली आलो नाही. मला तो पोरखेळ वाटायचा. आता लिहिताना लाज वाटते म्हणावं, तर तीही नीट वाटत नाही. नुसतं आठवतं.

दुसऱ्या वर्षी परीक्षेच्या तोंडावर मला टायफॉइड झाला. तुम्ही सतरा दिवस पेज भरवली. पहिल्या पेपरला मी चालू शकत नव्हतो, तर रिक्षात माझ्या बाजूला बसून आलात आणि कॉलेजच्या फाटकाशी झाडाखाली तीन तास थर्मास घेऊन बसून राहिलात. बाहेर आल्यावर मी म्हणालो, दोन प्रश्न सुटले. तुम्ही म्हणालात, “मले प्रश्न नको सांगू, पाणी पी.” त्या वर्षी मी पास झालो. नसतो झालो तर आमगावला परतलो असतो, बाबांच्या शेजारी पोती उचलायला. हे मी विसरलो होतो असं नाही. माणूस विसरत नाही, पण रोज आठवतही नाही, आणि नेमक्या ज्या क्षणी आठवायला पाहिजे त्या क्षणी आठवत नाही.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. पण मला ते एकदा ओळीनं लिहू द्या.

रेल्वेत लागलो, वर्षाशी लग्न झालं, तन्वी झाली. ती पाच वर्षांची असताना माझी बदली नैनपूरला झाली. वर्षाची समता कॉलनीतल्या दवाखान्यात नर्सची नोकरी, म्हणून त्या दोघी इथंच राहिल्या. मी महिन्यातून दोनदा यायचो, पाहुण्यासारखा. तीन वर्षांनी परत रायपूरला आलो तेव्हा आठ वर्षांची पोट्टी माझ्याशी हिंदीत बोलत होती आणि मला ‘आप’ म्हणत होती. आईला तू, तुम्हालाही तू, “आजी, तू दे ना.” मला मात्र, “पप्पा, आप चाय लेंगे?” फार शिस्तीची पोरगी, असं शेजारी म्हणायचे. मी मराठीत विचारायचो, ती हिंदीत उत्तर द्यायची, आणि ते उत्तर संपलं की आमच्यातलं बोलणं संपायचं.

मी हे तुम्हाला सांगितलं, तुमच्या व्हरांड्यात, चहा पिताना. तुम्ही कप उचलत म्हणालात, “रविवारी तिले घेऊन ये. तीनले. आणि दोघायच्या रबरी चपला आण.”

ज्यांनी तुमचं स्वयंपाकघर पाहिलं नाही, त्यांना हे चपलांचं सांगायला हवं. तुमचा तो गोल ॲल्युमिनियमचा ओव्हन, झाकणाला काचेची खिडकी असलेला, काका होते तेव्हाचा. तो जुना झाल्यापासून हलका करंट मारायचा. दुरुस्त करून घ्या म्हणून मी किती वेळा सांगितलं. तुम्ही म्हणायचा, दुरुस्तीवाला ह्याचा मसाला बदलवून टाकेल, मग माझा केक कोण करेल? म्हणून तुमच्याकडे उलटा नियम होता. सगळ्या घरांत चपला उंबऱ्याबाहेर काढतात, तुमच्या स्वयंपाकघरात घालून यायच्या. पोरं रांगेत उभी राहायची आणि तुम्ही पाय तपासायचा. ज्याच्या पायात चपला नसतील तो बाहेरच्या पाटावर बसून मैदा चाळायचा. माझ्या सासूबाईंनी एकदा हे पाहिलं आणि आठवडाभर वर्षाला ऐकवत राहिल्या.

पहिला रविवार माझ्यामुळे वाया गेला. मी मोबाइलवर कृती काढून ठेवली होती. दही किती, साखर किती, तेल किती. तन्वीनं वाटी हातात घेतली की मी म्हणायचो, “थांब, काठोकाठ नाही, सपाट पाहिजे.” तिनं ढवळायला घेतलं की, “एकाच दिशेनं.” सोडा घालताना तर मी चमचा तिच्या हातातून काढूनच घेतला. ती मुकाट्यानं बाजूला झाली. तुम्ही कांद्याच्या टोपलीजवळ बसून पाहत होता.

“मास्तर,” तुम्ही मला म्हणालात, “तू इथं केक करून राहिला का पेपर तपासून राहिला?”

“काकू, प्रमाण चुकलं तर बिघडेल ना.”

“बिघडू दे ना मग. तिच्या हातानं बिघडला तर तिचा केक आहे. तुया हातानं जमला तर कोणाचा आहे तो?”

मी ऐकलं नाही. ओव्हन लावला आणि दहा मिनिटांनी झाकण उचलून पाहिलं. पुन्हा दहा मिनिटांनी. तिसऱ्या वेळी तुम्ही उलथनं माझ्या हातावर मारलं, पण तोवर व्हायचं ते झालं होतं. मधोमध एवढा मोठा खड्डा पडला. तन्वीनं खड्डा पाहिला, माझ्याकडे पाहिलं, आणि गाल फुगवून खिडकीकडे तोंड करून बसली.

तुम्ही आधी भांड्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. “घ्या,” म्हणालात. “केक नाही फुगला, पोट्टी फुगली.”

तिच्या नाकातून हसू फुटलं. ते दाबायला गेली तर खोकला आला. मग मीही हसलो. तुम्ही त्या खड्ड्यात पेरूची जेली ओतली आणि म्हणालात, हा तलाव केक आहे, आपल्या बूढातलावासारखा, असाच करायचा होता आपल्याले. तन्वीनं शाळेत जाऊन मैत्रिणींना तेच सांगितलं.

पुढच्या रविवारपासून मला एकच काम होतं. जमिनीवर वर्तमानपत्र पसरायचं, तन्वीच्या समोर बसायचं आणि चाळणीतून मैदा-सोडा तीनदा चाळायचा, ती एका बाजूनं हलवेल, मी दुसऱ्या. बोलायचं नाही, विचारायचं नाही, हा तुमचा नियम. “हात गुंतले की तोंड सुटते,” तुम्ही म्हणायचा. “तू तिच्या तोंडाकडे पाहून विचारतो ना, आज शाळेत काय झालं, तर तिले वाटते पोलीस आला. तू मैद्याकडे पाह्य. ती बी मैद्याकडे पाहील. मग बोलेल.”

तिसऱ्या की चौथ्या रविवारी ती बोलली. मैद्याकडे पाहत.

“मैंने ना, सबको बोला था कि मेरे पप्पा ट्रेन चलाते हैं।”

मी चाळत राहिलो.

“इसलिए नहीं आते. ट्रेन छोड़ के कैसे आएँगे।”

मी पार्सल ऑफिसातला बाबू. माझ्या पोरीनं तीन वर्षं मला इंजिनात बसवून ठेवलं होतं, कोणी मला नावं ठेवू नये म्हणून. मी मान वर केली असती तर ती गप्प झाली असती, म्हणून केली नाही. म्हणालो, “मग आता काय सांगतेस?” ती म्हणाली, “अब बोलती हूँ, ट्रेन में पंचर हो गया।” तुम्ही तिकडे दही फेटत होता. तुमचं फेटणं थांबलं होतं, एवढं मला ऐकू आलं.

आणि तो दिवस, पावसाळ्यातला, लाईट जाऊन आली होती. मी सवयीनं झाकणाकडे हात नेला आणि तन्वी ओरडली, “नको ना! तू नेहमी उघडतो!”

मराठीत. तू.

तिच्या लक्षातही आलं नाही. ती झाकणाच्या काचेजवळ नाक नेऊन केक पाहत होती. मी हात मागे घेतला. तुम्ही मला डोळ्यांनी बजावलं, काही बोलू नको. मी व्हरांड्यात जाऊन रस्त्यावरच्या स्कूटर मोजत उभा राहिलो. मागून येऊन तुम्ही माझ्या हातात चाळणी दिलीत. “धुवून ठेव,” म्हणालात. एवढंच.

हे तुमचं देणं होतं, काकू. टायफॉइडपेक्षा, त्या तीन तासांच्या थर्मासपेक्षा मोठं. आणि यानंतर दोन वर्षांनी मी तुम्हाला जे बोललो, ते आता लिहितो.

तन्वी पाचवीत होती. सहामाहीत गणितात नापास झाली. तुम्हाला वाटलं तसं ते लहान नव्हतं, निदान माझ्यासाठी. आमच्या घराण्यात एक पिढी वर आली आहे, एकच. खाली जायला वेळ लागत नाही, हे मी मिलच्या अंगणात वाढल्यामुळे मला ठाऊक आहे. मी रविवार बंद केले. तीन ते सहा गणित. तन्वी पुन्हा ‘आप’वर गेली. “आप बताइए, कौन सा सवाल करूँ।”

दोन रविवार आम्ही आलो नाही तर तिसऱ्या रविवारी तुम्हीच आलात. ई-रिक्षानं, पिशवीत केकचं भांडं आणि दह्याचा डबा घेऊन. जिना चढून धाप लागली होती. तन्वी उठायला लागली तर मी म्हणालो, बस, गणित पूर्ण कर.

तुम्ही म्हणालात, “गजू, पोरगी नापास झाली तर तिले आणखी जवळ घ्यायचं असते. तू तर तिले लांब ढकलून राहिला.”

“काकू, अभ्यास पहिले.”

“तुले शिक्षणानं वर आणलं, मान्य. म्हणून काय तिले दिवसरात्र तेच खाऊ घालशील? चाळता चाळता पाढे म्हणवून घे ना. अर्धी वाटी, पाव वाटी, ते गणितच नाही का?”

“असं नसतं, काकू. केक करून कोणी पास होत नाही.”

“आणि असं बसवून होते का? तोंड पाह्य तिचं.”

“तुम्हाला नाही समजणार. ज्याचं पोर असतं ना, त्यालाच समजतं.”

पंखा फिरत होता. तन्वीची पेन्सिल थांबली. वर्षा स्वयंपाकघराच्या दारात आली होती, तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी नजर वहीवर नेली.

तुम्ही दह्याचा डबा टेबलावर ठेवलात. “तन्वी, फ्रीजमध्ये ठेवून दे, आंबट होईल,” म्हणालात. केकचं भांडं पिशवीतच राहू दिलं. वर्षा मागे धावली, रिक्षापर्यंत गेली. मी गेलो नाही. मी तन्वीला म्हणालो, पुढचं गणित.

काकू, तुमच्याशी खोटं बोलणार नाही, आता तर अजिबातच नाही. गणिताबद्दल मी पूर्ण चुकलो होतो असं मला आजही वाटत नाही. त्या वादात तुमचा अर्धा भाग बरोबर होता आणि माझा अर्धा. पुढे बसून बोललो असतो तर मधलं काहीतरी निघालं असतं, शनिवारी गणित, रविवारी केक, असं काही. पण त्या एका वाक्यानं वादच संपवला. ते वाक्य चूक होतं, आणि मी ते चुकून बोललो नव्हतो. जिथं लागेल तिथंच मारलं होतं. मला माहीत होतं कुठं लागतं. टायफॉइडच्या वेळी, मी झोपलो आहे असं समजून, तुम्ही शेजारच्या बाईंना सांगत होता की तुमचं एक बाळ सातव्या महिन्यात गेलं. मी ऐकलं होतं.

चार महिने मी बूढापाऱ्यात आलो नाही. ऑफिसातून येताना लांबचा रस्ता घ्यायचो. वर्षा दवाखान्यातून येताना तुमच्याकडे जायची, तन्वीलाही दोनदा नेलं. तुम्ही माझं विचारायचा, “गजू जेवते ना वेळेवर?” वर्षा येऊन मला ते सांगायची, नेमकं त्याच शब्दांत.

मग तुम्ही आजारी पडलात. छातीत पाणी झालं, रंजना येऊन नागपूरला घेऊन गेली. मी दोनदा फोन केला. तुम्हाला ऐकू येणं कमी झालं होतं. मी म्हणायचो, काकू, मी गजू. तिकडून तुम्ही म्हणायचा, “कोण? रंजू, पाह्य बरं कोण आहे.” माफी अशी ओरडून मागता येत नाही. एकदा ओरडून पाहिलंही, पार्सल ऑफिसाच्या मागे जाऊन, तर हमाल वळून पाहायला लागले.

म्हणून पत्र लिहिलं. शाळेनंतर हे माझं पहिलं पत्र. आधी रफ, मग फेअर, आमगावच्या शाळेत गुरुजींनी लावलेली सवय आहे. फेअर तुम्हाला पाठवलं. रफ माझ्याकडे आहे.

मग मी उत्तराची वाट पाहत बसलो. गाडी होती. माझ्याकडे रेल्वेचा पास होता. मधे एक रविवारही होता. मी गेलो नाही, कारण पत्रात मी येऊ का म्हणून विचारलं होतं, आणि विचारल्यावर उत्तर येईपर्यंत थांबायचं असतं असं मला वाटलं. परीक्षेचा निकाल लागेपर्यंत माणूस थांबतो, तसा. नवव्या दिवशी रंजनाचा फोन आला, आणि मी बरं म्हणालो.

दहाव्याला नागपूरला गेलो तेव्हा रंजनाला विचारलं, पत्र मिळालं होतं का?

“मिळालं ना. सोमवारी आलं. मावशीनं चष्मा मागितला, स्वतः वाचलं. दोनदा वाचलं.”

“मग?”

“मग म्हणाली, हव.”

‘हव’ म्हणजे हो. तुम्ही वर्ध्याच्या, पण लग्न होऊन रायपूरला आलात आणि इथल्या बायांकडून तेवढा एक छत्तीसगढी शब्द उचललात. ‘हो’पेक्षा बरा आहे म्हणायचा, तोंड कमी उघडावं लागते.

“कशाला हव?” मी विचारलं.

“काय माहीत, भैया. मी दूध ठेवलं होतं गॅसवर, मी पळाली. परत आली तर झोपली होती. पत्र उशीखाली होतं.”

“मला कळवायचं नाही का?”

रंजना माझ्याकडे पाहत राहिली. “काय कळवू? हव म्हणाली म्हणून?”

तिची चूक नाही. तिच्यासाठी तो एक शब्द होता. येताना गाडीत खिडकीशी बसून मी रफ काढून वाचलं. मी तुम्हाला चार प्रश्न विचारले होते. चारही असे की त्यांचं उत्तर हो किंवा नाही, कारण तुम्हाला लिहायला त्रास होऊ नये. चारांपैकी कोणत्याही एकाला ते हव असू शकतं, आणि कोणत्याला, यावर सगळं अवलंबून आहे. तन्वीला विचारलं तर ती म्हणाली, “सबका होगा, पप्पा।” मी तिला सांगितलं नाही की सगळ्यांचं असलं तर त्यात तिसऱ्याचंही येतं.

काकू, मला दुसरं काही लिहिता येत नाही. पत्र जसं होतं तसं इथं उतरवून ठेवतो.

*

ती. विमलकाकू,

नमस्कार.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून लिहितो आहे. अक्षर मोठं काढलं आहे. रंजनाला वाचायला लावू नका, स्वतःच वाचा.

इकडे सर्व ठीक. तन्वी आता गणितात पास आहे, जेमतेम. मागच्या रविवारी ती स्वतःच म्हणाली, केक करू. आमच्याकडे ओव्हन नाही म्हणून कुकरमध्ये केला. रिंग काढली. शिट्टी काढायची मी विसरलो होतो, तन्वीनं आठवण दिली, नाहीतर आज हे पत्र वेगळं असतं. तळाशी मीठ घातलं. केक खालून करपला, वर कच्चा राहिला. झाकण मी एकदाही उघडलं नाही. कुकरच्या तळाशी मीठच घालायचं असतं ना, की वाळू चालली असती? मीठ बरोबर असेल तर हो म्हणा.

तुमचं जेवण आता जातं का? वर्षा म्हणते, पातळ वरणात पोळी कुस्करून घ्या.

आता मुख्य लिहितो. त्या दिवशी मी जे बोललो ते बोलायला नको होतं. रागात बोललो असं म्हणणार नाही, कारण मला कळत होतं मी काय बोलतो आहे. तुम्ही दह्याचा डबा ठेवून गेलात. ते दही तन्वीनं तीन दिवस कोणाला हात लावू दिलं नाही, मग आंबलं. तुम्हाला पोर नाही असं मी म्हणालो तेव्हा मी स्वतःलाच मोजलं नव्हतं. कॉलेजच्या फाटकाबाहेर तीन तास कोणासाठी बसला होता, हे मला त्या दिवशी आठवायला पाहिजे होतं. नाही आठवलं. त्याबद्दल माफी मागतो. तुम्ही अजून माझ्यावर रागावला आहात का? असाल तर तसं खरं सांगा, मला चालेल.

तन्वी बाजूला बसून पाहत आहे. ती म्हणते, लिहा, आजी के बिना तू कुछ नहीं सीखा. वाक्य अर्धं हिंदी, अर्धं कसलं ते मला कळलं नाही, पण त्यात तू आहे, म्हणून जसंच्या तसं लिहिलं.

तिला शाळेला दोन दिवस सुट्टी आहे. मलाही रजा मिळेल. रबरी चपला घेऊन, आम्ही दोघं येऊ का?

तुमचा,
गजू